साहेबांचा मळा

रिटायर झाल्यापासून साहेबांचा मुक्काम स्वयंपाकघरात होता. गॅस किती मोठा ठेवायचा इथपासून डबे कसे लावायचे इथपर्यंत सगळ्यात नाक खुपसून त्यांनी बायकोला नको नको करून सोडलं होतं. पावसाळा सरताच तिने मुळ्याचं बी त्यांच्या हातावर ठेवलं आणि त्यांना परसात पिटाळलं.

साहेब कामाला वाघ. तण समजून त्यांनी मुळ्याची कोवळी रोपं उपटून टाकली, आणि उरलेल्या तणाला आळी करून, खत घालून, काठीचा आधार देऊन चांगलं कमरेएवढं वाढवलं. आता दिवस दिवस ते तिथून हलत नसत.

एकदा शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि तिने कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, हे तर नुसतं तण! भाऊजींना सांगत का नाही?"

"सांगितलं, तर उद्यापासून पुन्हा ओट्याशी येऊन उभे राहतील," बायको हळूच म्हणाली.

शेजारणीने त्या तणाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि ती घरी गेली.



दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रिकामी कुंडी घेऊन दारात हजर. "वहिनी, त्यातलं एक रोप द्या ना. आमचे हे पुढच्या महिन्यात रिटायर होताहेत."