अर्धवेळ

"प्रमिला माझ्याकडे अर्धवेळच होती, साहेब," कारखान्याचा मालक विलास कोर्टात म्हणाला.

प्रमिला आपल्या धाकट्या भावाकडे बघतच राहिली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याच्या प्रेसमशिनवर ती दिवसभर राबायची. त्यातच तिचा उजवा पंजा गेला. आता भरपाईही अर्ध्याच पगारावर ठरणार होती.

बाहेर आल्यावर विलास हळूच म्हणाला, "ताई, विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून मी पगार अर्धे दाखवले होते. खरं बोललो असतो तर अडकलो असतो. तुला जन्मभर सांभाळीन की मी."

"आत्ता कोर्टात सांभाळायचं होतंस," ती म्हणाली.

त्याने गाडीचं दार उघडून धरलं. तिने ते डाव्या हाताने लावून टाकलं आणि साक्षीला कोण येईल ते विचारायला ती एकटीच कारखान्यातल्या बायकांकडे निघाली.