सिंहस्थातलं लग्न

वाल्मीकराव अंधश्रद्धेच्या कट्टर विरोधात होते. सिंहस्थात लग्नं होत नाहीत म्हणून नाशकातली मंगल कार्यालयं निम्म्या भाड्यात मिळतात, हे कळल्यापासून.

द्वारका चौकाजवळचं एक कार्यालय त्यांनी लेकीच्या, वेदिकेच्या लग्नासाठी खोल्यांसकट घेतलं. लगेच धुळ्याहून मेहुण्यांचा, धनराजमामांचा फोन आला.

"दाजी, सिंहस्थात लग्न? असल्या लग्नात आम्ही अक्षता टाकणार नाय, आधीच सांगतो!"

बाकी भाऊबंदांचंही हेच म्हणणं पडलं. वाल्मीकरावांनी चेहरा पाडला आणि आचाऱ्याला निम्मीच पानं सांगितली.

"पण मामाशिवाय पोरीला बोहल्यावर आणायचं कोणी?" साळूबाई रडकुंडीला आल्या.

"येईल गं. सख्खा भाऊ आहे तुझा."

आदल्या संध्याकाळी धनराजमामा खरंच आले. मागोमाग सगळे भाऊबंद वळकट्या घेऊन उतरले आणि खोल्या भरून गेल्या. सिंहस्थाच्या गर्दीत नाशकात दुसरीकडे जागाच मिळत नव्हती. साळूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाल्मीकरावांच्याही आलं, पण ते आचाऱ्याकडे बघत होते.

सकाळी अंतरपाट धरला गेला. वेदिका हार घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली, तिच्या मागे मामाची जागा रिकामी. पहाटेच बाहेर पडलेले पाहुणे अजून परतले नव्हते; साळूबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. मुहूर्त टळायला आला तेव्हा वाल्मीकरावांनीच लेकीचा हात धरून तिला बोहल्यावर नेलं. मुलीकडच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर मंगलाष्टकं झाली.



मामांनी शब्द पाळला. अक्षता टाकायला ते आले नाहीत. रामकुंडावर अंघोळ करून, सगळ्या भाऊबंदांना घेऊन थेट पंगतीला बसले.