लाल दोऱ्याच्या गाठी

इंजिन खोकलं, कार्बोरेटरमधून फाडकन बार निघाला आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

"आता काय झालं?" पंडितने विचारलं. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

हबीब मिस्त्री इंजिनावर आणखी वाकला. तोंड उघडलं तर शिवी निघेल, अशी त्याला भीती होती. वैशाखातलं जळगावचं ऊन, वर पत्र्याची शेड आणि समोर चाळीस वर्षांची जुनी प्लायमाउथ. तिच्या चपट्या डोक्याच्या इंजिनाला नवा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा डबा, बसवायचा होता. नवा म्हणजे हबीबचाच. धुळ्यात भंगारात निघालेल्या अशाच एका गाडीचा त्याने काढून ठेवला होता. कितीतरी वर्षं तो ट्रंकेत बायकोच्या, हुस्नबानोच्या, जुन्या ओढणीत गुंडाळलेला होता. "या डब्याची वरात कधी निघणार?" असं ती दर ईदेला ट्रंक उघडताना विचारायची. शेजारच्या गॅरेजवाल्या छगनने तर आज सकाळी धुळ्याच्या बसस्टँडवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मेलेल्या गाडीचं काळीज आहे ते, हबीबभाई. धडधडलं तर मी गॅरेज बंद करीन."

म्हणजे इंजिन चालू न करता धुळ्याला परतायची सोय उरली नव्हती.

त्याने पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि पंडितला हँडल सावकाश फिरवायला लावलं. पिस्टन वर आला, खूणही जुळली, पण अंगठ्याखाली दाब नव्हता.

"पंडितभाऊ, मी मघाशी नळावर गेलो होतो तेव्हा हँडलला हात लावला होतात?"

"जरासा. एकच फेरा दिला. जाम तर नाही ना, ते बघितलं."

हबीबने कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं.

"अहो, पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. मी दाबावर लावून गेलो होतो, तुम्ही धुरावर आणून ठेवलात. खूण तीच दिसते, म्हणून मीही फसलो. ठिणगी पडतेय, पण नको तेव्हा!"

"मग काढा न् परत बसवा. त्यात काय?"

"त्यात काय!" हबीब स्वतःशीच म्हणाला आणि पाना उचलला.

खरं तर बाकी गाडीत खोट काढायला जागा नव्हती. बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, चावी गाडीतच. सकाळी हबीब आला तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या रिकाम्या जागेत धुतलेल्या फडक्याचा बोळा बसवला होता. प्लगच्या सहाही तारांना लाल दोरा बांधला होता आणि त्याला गाठी होत्या, पहिल्या तारेला एक, पाचवीला दोन, तिसरीला तीन. कोणती तार कोणामागून लावायची, याचा तो बिनचूक क्रम होता.

"या गाठी कुणी मारल्या?"

"कसल्या गाठी?" पंडितने वाकून पाहिलं. "आमच्या काकांचा, नानांचा, काहीतरी छंद असेल."

"आणि जुना डिस्ट्रिब्युटर?"

"बाद झाला. फेकला."

"फेकला?" हबीब कळवळला. "अशी वस्तू फेकतात का, भाऊ? जळगावात एकाही मिस्त्रीला दाखवला नाहीत?"

"इथल्या मिस्त्र्यांना फियाटपलीकडे काय कळतं, चाचा? म्हणून तर तुमच्यापर्यंत आलो. आज शिरपूरला नानांच्या नातीचं लग्न. नवरदेव याच गाडीत बसणार म्हणून नाना अडून बसलेत. संध्याकाळपर्यंत पोचलो नाही तर पुतण्या म्हणून मला दारात उभं करणार नाहीत."

भिंतीपलीकडून शेजारच्या भिकुबाईने डोकं वर काढलं. "सकायपाईन काय ठोकठोक चालू शे? नानानी धाडं का तुमले?"

"त्याशिवाय या गाडीला कोण हात लावेल, अक्का?" पंडित हसून म्हणाला.

"ते बी खरं शे," म्हणत भिकुबाई चहा टाकायला गेली.

हबीबने पिस्टन पुन्हा दाबावर आणला. या वेळी हँडल काढून स्वतःच्या पायाखाली ठेवलं. डिस्ट्रिब्युटर खोबणीत बसवला, गाठी मोजत तारा लावल्या.

"मारा सेल्फ. आणि मी सांगेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका."

इंजिन एकदा थरथरलं आणि लागलं. इतकं सुरळीत लागलं, की मडगार्डवर ठेवलेला पाना जागचा हलला नाही. हबीब नुसता ऐकत उभा राहिला. सकाळपासूनचा वैताग घामासारखा उतरून गेला. छगन इथे हवा होता.

"तलावाला एक चक्कर मारून आणतो," पंडित आत बसत म्हणाला.

"मी येतो की. आवाज ऐकायला हवा."

"तुम्ही हात धुवा, चाचा. अक्कांचा चहा येतोय, त्यांना वाईट वाटेल."

गाडी मागच्या बोळातून निघून गेली. हबीबने साबण लावून हात धुतले आणि घराच्या पुढच्या ओट्यावर भिकुबाईने दिलेला चहा घेऊन बसला. पेला तोंडाला लावणार, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. धोतर-टोपीतले एक म्हातारे कापडी पिशवी छातीशी धरून उतरले.

"कोण आपण?"

"हबीब मिस्त्री. धुळ्याहून आलोय. आपण?"

"मी रुपचंद. नाना म्हणतात मला. घर माझंच." म्हातारे ओट्यावर टेकले. "मिस्त्री म्हणजे माझी गाडी बघायला आला असाल. बघा, बघा. लांबलांबून येतात लोक."

"नाना, लग्न... आज होतं ना?"

"काल लागलं. नवरदेव ट्रॅक्टरवर बसला. गाडी मागत होते सगळे, मी दिली नाही. त्या धुळीत कोण घालतं तिला? बसने गेलो, बसने आलो."

हबीबने पेला खाली ठेवला. नानांनी पिशवीतून एक गाठोडं काढलं, मांडीवर ठेवलं आणि फडकं सोडलं. आत डिस्ट्रिब्युटर होता, तेल लावून पुसलेला. त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता.

"शेडला कुलूप नाही, चावी गाडीतच असते," नाना कौतुकाने म्हणाले. "गावाला जाताना हा तेवढा काढून सोबत नेतो. हा नसताना ती गाडी हलवून दाखवेल असा मिस्त्री अख्ख्या खान्देशात जन्मलेला नाही."