तिसरा बुधवार

सिस्टरने सृष्टीच्या ओठाला चिकटलेला कण बोटावर घेतला.

"राजगिऱ्याचा लाडू! भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, सांगितलं होतं ना? आता पुढच्या बुधवारी या."

अहमदपूरहून लातूरला येऊन ऑपरेशनशिवाय परतायची ही दुसरी वेळ होती.

सहा वर्षांची सृष्टी घोरायची. घोरता घोरता श्वास अडायचा, मग शेजारी झोपलेली आजी, जगदेवी, तिला कुशीवर वळवायची. वर्गात पोर बसल्या बसल्या पेंगायची. नाकाच्या मागच्या गाठी, अ‍ॅडेनॉइड, वाढल्यात. त्या काढल्या की मोकळा श्वास घेईल, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तेव्हा तिचा बाप मृत्युंजय पाणी प्यायला बाहेर गेला होता.

सृष्टीची आई मंजुश्री सासूकडे वळली. "आत्याबाई, पुन्हा?"

जगदेवीने पदर खोचला. "हाव, मीच दिला. उपाशी लेकरू बघवत न्हाई मला. काय करतीस?"

"लेकराचा श्वास अडकून राहिला, अन् तुम्हाला लाडवाचं पडलंय!"

"जाऊ दे मंजू," मृत्युंजय म्हणाला. "आई जुन्या वळणाची हाय."

सृष्टीने बापाच्या खांद्यात तोंड लपवलं.

तिसऱ्या बुधवारी मंजुश्रीने सासूला घरीच ठेवलं. दवाखान्यात ती फॉर्म भरायला थांबली. मृत्युंजय नेहमीसारखा लेकीला गाड्या दाखवायला दाराकडे निघाला.

दारात जगदेवी उभी होती. मागच्या एस्टीने आली होती.

मंजुश्री धावली. "एक पाऊल पुढं टाकायचं न्हाई!"

"टाकणार. हाकल बघू मला."

"लाडू काढा आधी."

"घे झडती!" जगदेवीने पदर झटकला, पिशवी फरशीवर उलटी केली. चष्मा, विभूतीची डबी, सृष्टीचा धुतलेला फ्रॉक. बाकी काही नाही. बाकड्यांवरची माणसं बघत राहिली.

"झालं समाधान?"

मंजुश्री फ्रॉक उचलायला वाकली.

जगदेवी तिला ओलांडून पुढे गेली आणि तिने मुलाचं मनगट धरलं.

"दोनदा झालं. तुझी भीती आता माझ्या नावावर न्हाई, मृत्युंजय."

तिने त्याची मूठ उघडली. आत राजगिऱ्याचा लाडू होता. अजून अख्खा.