कडेला कड

क्षितिजाने ओली फळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली आणि तिच्याखाली टॉवेल सरकवला. सुचित्राने फळीकडे पाहिलं नाही. ती सिंकपाशी गेली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला लागली.

"अहो ताई, राहू द्या ना."

"मला रिकामं बसवत नाही. तू बोल."

क्षितिजा आयर्लंडात मेनूथच्या विद्यापीठात बुडालेल्या जहाजांवर संशोधन करायची. भूमध्य समुद्राच्या तळाशी सापडलेल्या एका जुन्या गलबताच्या पद्धतीने तिने छोटी होडी बांधायला घेतली, तेव्हा शनिवार-रविवारी मदतीला येणाऱ्यांत सुचित्राचा नवरा परेश होता. चिपच्या कारखान्यातला इंजिनिअर. पंधरा वर्षं तो जे बनवत होता ते नुसत्या डोळ्यांना दिसायचं नाही. होडी दिसायची, त्यामुळे हरखला.

सप्टेंबरात तो ती होडी घेऊन पश्चिमेला मेयोच्या किनाऱ्यावरून एकटाच निघाला. दुसऱ्या दिवशी होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. परेश लागला नाही.

शोध चालला, मग थांबला. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या मराठी मंडळींनी शोकसभा गणपतीसाठी घेतलेल्या हॉलमध्येच उरकली. मखर तेवढं चादरीने झाकलं. तपास आटोपल्यावर गार्डांनी, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, फळ्या क्षितिजाला परत दिल्या, आणि त्या आल्याचं कळताच सुचित्रा गाडी काढून आली.

"रेवा रोज झोपताना विचारते," ती सिंककडे तोंड करून म्हणाली. "‘डिड ही मीन टू, मम?’ नऊ वर्षांची आहे. काय सांगू तिला? त्या होडीतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. मुद्दाम बुडाला की चुकून, एवढंच सांग."

छत करकरलं.

"वर कोण आहे?"

"भाडेकरू. ब्राझीलचा. युअर मॅन नाइट ड्यूटी करतो आणि दिवसभर लोळतो." आयर्लंडात कुणाही तिऱ्हाइताला ‘युअर मॅन’च म्हणतात.

सुचित्राने दुसरी बशी उचलली. तळाशी पोह्यांचा पिवळा डाग होता. काठावर कढीपत्त्याची पानं एकाला एक चिकटवून ओळीने लावलेली होती.

"पोहे त्यालाही देतेस?"

"खातो बिचारा. कढीपत्ता मात्र कळत नाही त्या लोकांना."

सुचित्राने पानं खरवडली, बशी धुतली, पुसली आणि न विचारता बरोबर प्रेसमध्ये ठेवली. कुणाच्याही घरातलं बश्यांचं कपाट मराठी बाईला सापडतंच, मग त्याला आयर्लंडात प्रेस म्हणोत की आणखी काही. हात पुसून ती टेबलापाशी बसली.

"दाखव."

"आपल्याकडे आधी सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर फळ्या ठोकतात," क्षितिजा म्हणाली. "त्या जुन्या गलबतवाल्यांचं उलटं होतं. आधी फळ्या, कडेला कड लावून. दोन्ही कडांमध्ये खाचा, खाचांत लाकडाची जीभ, आणि जीभ निसटू नये म्हणून आरपार खुंटी. सांगाडा नंतर."

"सांगाडा नंतर," सुचित्रा म्हणाली. "माझ्याकडे तोही नाही."

क्षितिजाने चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला.

"ही खुंटी निमुळती असते," ती सांडलेला चहा पुसत म्हणाली. "आतून ठोकायची. जाड डोकं आत, टोक बाहेर. दोन हजार वर्षं खाऱ्या पाण्यात राहून जागची हलत नाही."

फळीला ओळीने भोकं होती. सगळी रिकामी.

"मग ह्यातल्या कुठे गेल्या?"

"लाटा होत्या. खडकांवर आपटली असणार. आमचं लाकूडही नवं होतं, ताई."

"आणि काढायच्याच झाल्या तर?"

"बाहेरून टोकावर ठोकायचं." क्षितिजाच्या आवाजात वर्गातला सूर आला. "आत बसलेल्या माणसाला त्या काढताच येणार नाहीत. म्हणून तर खात्रीने सांगते. त्याने मुद्दाम काही केलं नाही."

सुचित्राने फळी उलटी केली. बाहेरच्या अंगाला प्रत्येक भोकावर एक उथळ गोल खळगा होता. सगळे एका मापाचे, हातोडीच्या तोंडाएवढे. एका खळग्यावर तिचं बोट थांबलं.

"खडक," क्षितिजा म्हणाली.

"हो."

वर कुणीतरी फ्लश ओढला. पाणी भिंतीतून खाली उतरेपर्यंत दोघी चहा पीत राहिल्या.

"रेवाला सांगते, चुकून बुडाला."

"तेच खरं आहे, ताई."

"खऱ्याचं राहू दे. बुडालेल्या बापाचा फोटो भिंतीवर लावता येतो."

क्षितिजाचे डोळे भरून आले. सुचित्राचे कोरडेच होते. तिने कप विसळून पालथा घातला, कोट चढवला, रेवाला क्लासहून आणायचंय म्हणाली. क्षितिजा दारापर्यंत आली.

"बुडालेलं वर काढणं तुझं काम," सुचित्रा म्हणाली. "हे एक मात्र खालीच राहू दे. रेवा मोठी झाली, लग्न झालं तिचं, तरी वर येता कामा नये."

"नाही येणार."

"शब्द दे."

क्षितिजाने दिला. सुचित्राने गाडीची किल्ली शोधली, मग जिन्याकडे एकदा पाहिलं.

"आणि परेशला सांग, कढीपत्ता खायचा असतो. कडेला कड लावून ठेवायचा नसतो."