चोविसाला चारनं

भागाकार शिकवायला मी तिसरीच्या चोवीस लेकरांना मैदानात नेलं. मी आकडा सांगायचा, तेवढ्यांनी हात धरून रिंगण करायचं, उरतील ते बाकी. पाच म्हटलं, चार उरले. सात म्हटलं, तीन उरले. मग मी चार म्हटलं. आता कुणीच उरायला नको होतं.

प्रतीक्षा उरली. दर वेळी तीच उरत होती, हे मला तेव्हा दिसलं. कुणी सांगायच्या आत ती आपणच बाकीच्या जागेवर, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली होती.

एका रिंगणात तिघंच होते. "हिला काहून घेतलं न्हाई रे?"

"आजी म्हणते, भीमनगरच्या लेकरांचा हात धरायचा न्हाई," विश्वंभररावांचा यशराज म्हणाला.

माझं डोकं फिरलं. त्याला तिचा हात धरायला लावला आणि खेळ संपेपर्यंत सोडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरराव हळद शिजवायचं काम टाकून, पिवळ्या हातांनी तसेच वर्गाच्या दारात आले. आवाज सगळ्या लेकरांना ऐकू जाईल असा.

"बाई, तुमी गणित शिकवा. पोराला वळण लावायला आमी हाव की घरी."

"गणितच शिकवून राहिले," मीही आवाज चढवला. "चोविसाला चारनं भागलं तर बाकी शून्य उरते. तुमच्या वळणानं भागलं की एक लेकरू उरतं."