दोन कार्डांची नावं

पुन्हा सुरू केला की सर्व्हर कधी नेटवर्कवर यायचा, कधी नाही. “राहू दे, तुला आत्ता नाही झेपायचं,” साहेब म्हणाले. आई वारल्यावर ती आज पहिल्यांदाच कामावर आली होती. तासाभरात तिने दुखणं पकडलं. दोन नेटवर्क कार्डांपैकी जे आधी जागं होईल, त्यालाच सर्व्हर ‘पहिलं’ हे नाव देऊन त्यावरूनच नेटवर्क शोधत होता; केबल मात्र एकाच कार्डाला होती. तिने दोन्ही कार्डांची नावं त्यांच्या कायमच्या क्रमांकांशी बांधून टाकली. दहा वेळा बंद-चालू केलं. नावं जागची हलली नाहीत.

“कुठल्या कोर्सात शिकलीस गं हे?” साहेबांनी विचारलं.

“आईकडे. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. ‘आधी कोण रडलं त्यावर जाऊ नये, मनगटावरचा नंबर बघावा,’ म्हणायची. चौतीस वर्षांत एकीच्याही कुशीत दुसरीचं बाळ गेलं नाही, साहेब.”